वॉर्सातले पाच दिवस : मध्येच थांबलेलं बॅलड

16 एप्रिल

सईचं घर मुरानुव भागात आहे एवढं तिने फोनवर सांगितलं होतं. विमानतळावरून तिच्या दारात उतरलो, तर इमारत रस्त्यापेक्षा चांगली पुरुषभर उंचावर. आधी दगडी पायऱ्या, मग अंगण, मग पुन्हा जिना.

"इथे टेकडी आहे का ग?" मी विचारलं.

"टेकडी नाही मावशी," ती म्हणाली. "खाली गेटो आहे."

तिथेच बॅग खाली ठेवून उभी राहिले. युद्ध संपलं तेव्हा या भागात विटा आणि राडारोड्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तो सगळा उपसून नेणं शक्य नव्हतं. बोहदान लाखेर्त या वास्तुविशारदाने त्या ढिगांवरच नवी वसाहत बांधली. बांधकामाचे ठोकळेही त्याच विटांच्या चुऱ्याचे. सई दोन वर्षं इथे राहते, रोज या पायऱ्या चढते. मला मात्र पुढचे पाचही दिवस पाऊल टाकताना जड गेलं.

नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मनांनी वॉर्साच्या ज्यू वस्तीभोवती भिंत पुरी केली. हाच गेटो. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून जास्त माणसं. 1942 च्या उन्हाळ्यात, 22 जुलैपासून दोन महिन्यांत, त्यांतल्या अडीच लाखांहून अधिक माणसांना मालगाड्यांत भरून त्रेब्लिंकाला नेलं आणि मारलं. मागे उरलेल्यांना गाड्या कुठे जातात हे आता पक्कं ठाऊक होतं. 19 एप्रिल 1943 ला, वल्हांडणाच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी, उरलेल्यांना न्यायला फौज आत शिरली, तेव्हा छतांवरून आणि खिडक्यांतून पिस्तुलं झाडली गेली, पेट्रोलच्या बाटल्या फुटल्या. मूठभर शस्त्रांवर काही शे तरुण मुलामुलींनी जवळजवळ महिनाभर झुंज दिली. हा तो उठाव. 1944 च्या ऑगस्टमध्ये साऱ्या वॉर्साने केलेला उठाव वेगळा. आपल्याकडे बरेचदा दोन्हींची गल्लत होते, म्हणून इथेच लिहून ठेवते.

मी कोल्हापुरात पेटी शिकवते. ऐन विशीत पुण्यात तीन वर्षं पियानोही शिकले, पुढे तो सुटला, कान तेवढा राहिला. सईने जानेवारीत कळवलं, की उठावाच्या स्मृतिदिनी इथे वाद्यवृंदाची मैफल आहे आणि तिने दोन तिकिटं घेऊन ठेवली आहेत. कार्यक्रमपत्रिकेत वाइनबर्ग या मूळच्या वॉर्साच्या ज्यू रचनाकाराची एकविसावी सिम्फनी होती. मग मी मागेपुढे पाहिलं नाही.

17 एप्रिल

सकाळी ज्यू इतिहास संस्थेत गेलो. शेजारी काचेची निळी उंच इमारत आहे, तिथे पूर्वी वॉर्साचं मोठं सिनेगॉग होतं. 16 मे 1943 ला जर्मन सेनाधिकारी श्ट्रोपने ते सुरुंगाने उडवलं आणि उठाव संपला असं वर कळवलं. संस्थेच्या दालनातली फरशी त्या आगीत जळाली होती. ती बदललेली नाही. काळ्या डागांवरून चालतच आत जावं लागतं.

आत इमॅन्युएल रिंगेलब्लुमचा संग्रह. गेटोत असताना या इतिहासकाराने सोबत्यांना घेऊन गुपचूप कागद जमवले : डायऱ्या, निबंध, रेशनची कुपनं, गोळ्याचॉकलेटांचे कागद, मैफलींची निमंत्रणं. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून जमिनीत पुरले. पेट्या 1946 मध्ये सापडल्या, दोन किटल्या 1950 मध्ये. किटली काचेआड ठेवलेली आहे. आपल्या गवळ्याकडे असते तशीच, पण गंजलेली. मी तिच्यासमोर बराच वेळ होते. गाण्याच्या निमंत्रणाचा कागद पुढच्यांसाठी जपून ठेवावा, असं मरण दारात उभं असताना कुणाला तरी वाटलं.

गेटोत खरोखरच वाद्यवृंद होता, हे मला इथे येण्याआधी नुसतं वाचून माहीत होतं. नोव्हेंबर 1940 मध्ये, भिंत पुरी झाल्यावर काही दिवसांतच, ज्यू सिम्फनी ऑर्केस्ट्राची पहिली मैफल झाली. वाजवणाऱ्यांत वॉर्सा फिलहार्मोनिकमधून आणि रेडिओवरून ज्यू म्हणून काढून टाकलेले वादक होते. शिमॉन पुलमान हे त्यांच्या संचालकांपैकी एक. व्हिएन्नात चेंबर संगीत शिकवणारा हा माणूस 1939 च्या उन्हाळ्यात वॉर्साला आला आणि युद्ध सुरू झाल्यावर अडकला. ज्यूंनी फक्त ज्यू रचनाकारांचं संगीत वाजवावं असा हुकूम होता. या मंडळींनी बेथोव्हेनही वाजवला. एप्रिल 1942 मध्ये त्या कारणावरून मैफली बंद करायला लावल्या. बंदीची मुदत संपते न संपते तोच जुलैच्या गाड्या सुरू झाल्या. पुलमान त्रेब्लिंकात मारले गेले.

दुपारी पूर्वीच्या लेश्नो रस्त्यावर गेलो. आता तो सॉलिदार्नोश्च मार्ग. इथल्या 'फेमिना' नाट्यगृहात त्या मैफली व्हायच्या. इमारत युद्धातून वाचली, पुढे अनेक वर्षं तिथे सिनेमागृह होतं, आता खाली किराण्याचं मोठं दुकान आहे. आम्ही आत गेलो. सईने दूध आणि पाव घेतला. मंच कुठल्या बाजूला असेल याचा मी अंदाज बांधत राहिले, पण शीतकपाटांच्या घरघरीत काही उमगेना. याच रस्त्यावर दोन नंबरच्या घरात 'श्तुका' नावाचं कॉफीगृह होतं, तिथे व्वादिस्वाव श्पिलमान आणि आंद्झेय गोल्डफेडर दोन पियानोंवर जोडीने वाजवत. त्या घराची आज खूणही नाही.

संध्याकाळी क्राशिन्स्की चौक. गेटोची भिंत या चौकाला लागून होती. 1943 च्या वसंतात भिंतीच्या अलीकडे, पोलिश बाजूला, जत्रेतलं फिरतं चक्र लावलेलं होतं, त्याबरोबर वाजणारं संगीत होतं. ईस्टरचा रविवार 25 एप्रिलला आला, तेव्हा आत घरं पेटत होती. चक्र फिरत होतं, वाद्यं वाजत होती आणि जळक्या कागदांचे कपटे वाऱ्याने चक्रात बसलेल्या माणसांवर येत होते, असं पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. मी जन्मभर सुरांच्या संगतीत राहिले. सूर माणसाला हळवं करतो असं वर्गात मुलांना किती वेळा सांगितलं असेल. त्या चौकात उभं राहून ते वाक्य मला मनातल्या मनातसुद्धा म्हणता आलं नाही.

तिथून बागेतून पलीकडे गेलं की मोन्ते कासिनोच्या लढाईचं स्मारक लागतं, आणि त्याच्या शेजारी एक दगड. त्यावर कोल्हापूरचं नाव. सईला हा दगड माहीत होता, मुद्दाम न सांगता तिने मला तिथे आणलं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललेली आणि तिथून इराणमार्गे आलेली. माझी आजी त्यांना 'पोलंडच्या बायका' म्हणायची. त्या बाजारात मोडक्या मराठीत भाव करायच्या आणि रविवारी चर्चमध्ये गायच्या, ते ऐकायला पोरं कुंपणाशी जमायची, असं ती सांगे. छावणी सुरू झाली ती 1943 च्या उन्हाळ्याच्या सुमाराला. म्हणजे इथे शेवटचं घर जळून गेलं आणि तिकडे पंचगंगेकाठी पहिले तंबोरे लागावेत तशी माणसं येऊन टेकू लागली. दोन्ही गोष्टी एकाच मोसमातल्या. आजी गेली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

18 एप्रिल

दिवसभर पाऊस. स्तावकी रस्त्यावरच्या उमश्लागप्लात्सला गेलो. गाड्या इथून सुटायच्या. पांढऱ्या भिंती, त्यावर शेकडो नावं, पण नुसती पहिली नावं, आडनावं नाहीत. वर्णमालेच्या क्रमाने. एका नावामागे हजारेक जण. सईने छत्री धरली आणि मी अख्खी भिंत वाचली.

मग मिवा रस्त्यावरचा ढिगारा. 18 नंबरच्या घराखालच्या तळघरात उठावाचा नेता मोर्देखाय अनिएलेविच आणि त्याचे सोबती होते. 8 मे ला जर्मनांनी तिथे विषारी वायू सोडला. अनेकांनी स्वतःचा जीव घेतला. अनिएलेविच 24 वर्षांचा. त्यांना वर काढून कधी पुरलंच नाही, तो ढिगाराच त्यांची कबर. वरच्या दगडावर कुणी कुणी खडे ठेवलेले. आम्हीही ठेवले.

येताना प्रोस्ता रस्त्यावर थांबलो. 10 मे च्या सकाळी इथल्या गटाराच्या झाकणातून सुमारे चाळीस जण बाहेर आले. मारेक एडेलमन त्यांच्यात होता. काही जण आतच राहिले, त्यांना घ्यायला पुन्हा जाता आलं नाही. स्मारकात गटाराच्या नळातून गजांना धरून चढणारे हात आहेत, नुसते हात.

19 एप्रिल

सकाळी बाहेर पडलो तर चौकाचौकांत तरुण मुलं कागदाची पिवळी डॅफोडिल वाटत उभी. सपाट कागद, दोन घड्या घातल्या की फूल उमलतं आणि वरून पाहिलं तर गेटोत ज्यूंना दंडावर बांधायला लागायचा तो सहा टोकांचा तारा दिसतो. एडेलमन युद्धानंतर वूजमध्ये हृदयरोगतज्ज्ञ झाला. दर 19 एप्रिलला त्याच्याकडे कुणीतरी पिवळ्या फुलांचा गुच्छ पाठवायचं, नाव न सांगता. तो ती फुलं गेटोतल्या लढवय्यांच्या स्मारकाशी नेऊन ठेवायचा. 2009 मध्ये तो गेला. 2013 पासून पोलिन या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयाने ही कागदी फुलं वाटायला सुरुवात केली. मुलीने माझ्या शालीला टाचणीने फूल लावलं आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. सईने सांगितलं, "म्हणाली, थंडी आहे, बटण लावा."

ते स्मारक नॅथन रापोपोर्टचं, 1948 मधलं. त्याचा काळा दगड नाझींनीच स्वतःच्या विजयस्तंभांसाठी स्वीडनमधून मागवला होता. बारा वाजता सायरन सुरू झाला, आणि मग चर्चच्या घंटा. सायरन एकाच सुरावर धरलेला असतो, पण अनेक ठिकाणांहून येतो, त्यामुळे त्यात बारीक फरक पडतो आणि सूर थरथरतो. दोन तंबोऱ्यांच्या तारा नीट जुळल्या नाहीत की जी लाट येते, तशी. आयुष्यभर ती लाट काढून टाकायला मी कान पिळत आले. आज ती तशीच राहावी असं वाटलं. ट्रामसुद्धा थांबली होती. माझ्या शेजारच्या म्हातारबाबांनी टोपी काढली आणि सायरन थांबल्यावरही परत घातली नाही.

आता संध्याकाळची मैफल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आले होते ती याचसाठी.

सुरुवातीला श्पिलमानचं पियानो आणि वाद्यवृंदासाठीचं कॉन्चेर्तिनो. 1940 मध्ये, गेटोत लिहिलेलं, तेव्हा तो 28 वर्षांचा. दहाएक मिनिटांची रचना. मी शोक ऐकायला बसले होते आणि सुरू झालं ते जॅझच्या अंगाचं, लचकत चालणारं, जवळजवळ खेळकर संगीत. पहिली दोन मिनिटं मला राग आला. मग लक्षात आलं, की राग मला माझ्याच अपेक्षेचा येतोय. भिंतीआड कोंडलेल्या माणसाने फक्त भिंतीबद्दल लिहावं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला सिनेमासाठी, नाचासाठी लिहायला आवडायचं, आणि त्याने आवडीचं लिहिलं. हाच माणूस पुढे, 16 ऑगस्ट 1942 ला आईवडील, भाऊ आणि बहिणी गाडीत चढल्यावर एकटा मागे राहिला, मजुरांच्या टोळीत विटा वाहिल्या, उठावासाठी शस्त्रं आत आणणाऱ्यांना मदत केली आणि फेब्रुवारी 1943 मध्ये भिंतीबाहेर निसटला. तरुण पियानोवादिकेने डावा हात फार हलका ठेवला होता. मला ते योग्य वाटलं.

मग आर्नोल्ड शोनबर्गची 'वॉर्सातून वाचलेला माणूस' ही रचना, 1947 मधली. सात मिनिटं. शोनबर्ग तेव्हा लॉस एंजेलिसला होता, नाझी आल्यावर युरोप सोडलेला. एक निवेदक बोलतो, गात नाही. तो गटारात लपून राहिलेला माणूस आहे, आणि आठवण सांगतो ती कैद्यांच्या हजेरीची : मारहाण, मोजदाद, मोजणी वेगाने, आणखी वेगाने, आणि अचानक सगळे कैदी 'श्मा इस्राएल' ही ज्यू प्रार्थना म्हणू लागतात. मंचावरचं पुरुषांचं समूहगान तोवर गप्प उभं होतं, ते एकदम उसळलं. कालचे ते गटारातले हात माझ्या डोळ्यांपुढे होते. शोनबर्गचं संगीत कानाला आधार देत नाही, षड्ज शोधत बसलात तर सापडत नाही. पण त्या शेवटच्या दीड मिनिटात आधार शब्दांनी दिला, हजारो वर्षं म्हटलेल्या शब्दांनी. 1948 मध्ये अमेरिकेतल्या आल्बुकर्कीला हौशी मंडळींनी ही रचना पहिल्यांदा सादर केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती लगेच पुन्हा ऐकवावी लागली. आज मलाही पुन्हा हवी होती.

मध्यंतरात सईने कॉफी आणली. तिने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पुण्यतिथीला गाणं असतंच की. तसंच ना हे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे गुरूच्या पुण्यतिथीला शिष्य गातात, सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा तसाच सुरू झाला. पण ते गाणं ज्याचं त्याच्याकडून आलेलं असतं. गुरू गेला तरी गळा पुढे आलेला असतो. पुलमानांच्या वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवाल्याने कुणाला शिकवलं असेल, तर तो शिष्यही त्याच गाडीत होता. आज मंचावर बसलेल्यांना ते सूर कुणी हातातून हातात दिलेले नाहीत. मी सईला एवढंच म्हटलं, की इथे परंपरा तुटलेली आहे आणि तरी ही मंडळी वाजवतायत.

वाइनबर्ग ऐकल्यावर मला माझंच बोलणं नीट कळलं. मियेचिस्वाव वाइनबर्ग 1919 मध्ये वॉर्सात जन्मला. वडील यिडिश रंगभूमीवर संगीत द्यायचे, पोरगा तिथेच पियानो वाजवत मोठा झाला, मग इथल्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकला. सप्टेंबर 1939 मध्ये तो आणि धाकटी बहीण पायी पूर्वेकडे निघाले. तिचे बूट चावू लागले म्हणून ती घरी परतली. तो पुढे गेला, मिन्स्क, ताश्कंद, मग मॉस्को. आईवडील आणि बहीण मारले गेले. एकविसावी सिम्फनी, 'कद्दिश', त्याने 1991 मध्ये पुरी केली आणि वॉर्सा गेटोत मेलेल्यांना वाहिली. कद्दिश म्हणजे मृतांसाठी म्हणायची ज्यू प्रार्थना, जिच्यात मरणाचा शब्दही नाही.

जवळजवळ तास. बहुतेक वेळ मंद, इतकं मंद की वादकांचे श्वास ऐकू येतात. एकटं व्हायोलिन, कुठे क्लॅरिनेटवर लग्नातल्या नाचाची आठवण, ती वाकडी होत जाते. आणि मग वाद्यवृंदाच्या मागच्या बाजूने पियानो. शोपॅनचं जी मायनर बॅलड. पोलंडमध्ये पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत असलेलं, कॉन्झर्व्हेटरीतल्या त्या मुलाच्याही असणार. माझ्या गुरूंनी मला त्याचं पहिलंच पान शिकवलं होतं. ओळख पटते, मान आपोआप हलते, पुढची ओळ मनात तयार होते, आणि पियानो ती वाजवत नाही. थांबतो. वाद्यवृंद दुसरीकडे निघून जातो. ती न वाजलेली ओळ माझ्या डोक्यात वाजत राहिली. ती वाजवणारी माणसं इथे, या रस्त्यांवर राहत होती.

शेवटाकडे एक सोप्रानो गाते, पण शब्द नाहीत, नुसता आकार. शोनबर्गने शब्दांचा आधार दिला होता, वाइनबर्गने तोही काढून घेतला. उठावानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. सूर विरला तरी टाळ्या पडेनात. संचालिकेने हात खाली घ्यायला वेळ लावला, तोवर सभागृहात कुणी हललं नाही.

घरी चालत आलो. त्या पायऱ्यांशी सई थांबली आणि म्हणाली, "दोन वर्षं मी इथून पळत चढते." मग आम्ही सावकाश चढलो.

20 एप्रिल

विमान रात्रीचं होतं. सकाळी ट्रामने निएपोदलेग्वोश्ची मार्गावरच्या 223 नंबरच्या घराशी गेलो. नोव्हेंबर 1944, शहर रिकामं आणि उद्ध्वस्त, श्पिलमान इथे माळ्यावर लपलेला. जर्मन अधिकारी विल्म होझेनफेल्डला तो सापडला. तू काय करतोस? पियानो वाजवतो. मग वाजव. त्याच्यावरच्या चित्रपटात तिथे शोपॅनचं तेच जी मायनर बॅलड ऐकू येतं. श्पिलमानने स्वतः लिहिलंय की त्याने सी शार्प मायनर नॉक्टर्न वाजवलं. सप्टेंबर 1939 मध्ये बॉम्ब पडत असताना रेडिओवर वाजवलेल्या शेवटच्या मैफलीतलं तेच. होझेनफेल्डने त्याला अन्न आणि कोट आणून दिला, आणि 1952 मध्ये तो सोव्हिएत कैदेत मेला.

भिंतीवर एक पाटी आहे. बाकी साधी निवासी इमारत, खिडक्यांत कुंड्या. आम्ही पाटीखाली उभ्या असताना एक बाई बाबागाडी घेऊन बाहेर आली. आम्हाला आत जायचंय असं वाटून तिने पायाने दार धरून ठेवलं. सई नको म्हणाली. बाईचं लक्ष माझ्या शालीवरच्या कागदी फुलाकडे गेलं. तिच्या बाबागाडीच्या दांड्यालाही तसंच एक लावलेलं होतं, रात्रीच्या पावसाने मऊ पडलेलं. तिने ते बोटाने सरळ केलं, मान हलवली आणि ट्रामच्या दिशेने गेली.